पाहुण्यांचा गॅस आणि माझी धुरी

१४ नोव्हेंबर

काल एवढं बोलले, सगळं विसरलीस ना? कोरी! रूपा म्हणते, शेवटी ते खालचं बटण दाबलं नाही तर बोललेलं राहत नाही. माझ्या लग्नात कोणाच्या ताटात वरण उशिरा आलं आणि कोण रुसून उठलं, ते मी आजही सांगीन. तुला कालचं आठवत नाही. आणि घरात विसराळू कोण — तर म्हातारी!

तर पुन्हा सांगते. नीट ऐक.

मी यशोदाबाई, घरात आणि गावात आक्का. अक्षर एक येत नाही. ही फोनची पाटी नातसून रूपानं दिली, तिचा जुना फोन आहे. "आज्जी, तुम्ही फक्त बोला, ते लिहून घेतं. मनातलं बोला. मी वाचणार नाही, शप्पथ." मनातलं वगैरे काही नाही. मी दिवसभर बोलते आणि तिला दुपारी झोप हवी असते. म्हणून माझ्या हातात हे खेळणं. कळतं मला.

मलाही वाचता येत नाही. म्हणजे माझं गुपित माझ्यापासूनसुद्धा सुरक्षित.

तुला आमची अहिराणी समजत नाही म्हणे. म्हणून शाळेतल्यासारखं बोलावं लागतं. सत्तरी उलटल्यावर शाळेत घातलं!

घरात कोण कोण, तेही विसरली असशील. मुलगा अभिमन — कापूस, म्हैस आणि मिशा, एवढंच त्याचं काम. सून ताईबाई. नातू स्वप्नील, तो पारोळ्याला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. त्याची बायको रूपा, धुळ्याची, शहरातली. तिला सहावा लागलाय. आणि तिची लेक चार्वी, माझी पणती. बालवाडीत जाते. थंडी पडली की तिच्या छातीत शिट्टी वाजते.

ती शिट्टी का वाजते, ते मला माहीत आहे. पहिलं बाळंतपण माहेरी असतं. रूपा धुळ्याला गेली आणि तिच्या आईनं बाळाला धुरी दिलीच नाही. इथं असती तर मी दिली असती. गावात माझं नाव धुरीसाठीच आहे — कोणी बाळंतीण झाली की मला बोलावणं. घमेल्यात निखारे, त्यावर ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं, ऊद. वर बाज, बाजेवर बाळ-बाळंतीण, आणि गोधडी अशी झाकायची की वाऱ्याला वाट सापडू नये. गावातली निम्मी पोरं माझ्या धुरातून निघालीत.

दुसरं बाळंतपण सासरी असतं. आता माझी पाळी. ते ठरलेलं आहे.

बटण दाबते.


१५ नोव्हेंबर

ताईबाई खोकली. चार्वी खोकली. म्हैस खोकली. मी नाही.


१९ नोव्हेंबर

पारोळ्याला डॉक्टरीणबाईकडं गेलो. रूपा, स्वप्नील, चार्वी आणि मी. मला कोणी बोलावलं नव्हतं. गाडीत जागा होती.

रूपाची तपासणी झाली. बाळाची वाढ जरा मागं आहे म्हणे. डॉक्टरीणबाईनं 'जरा' दोनदा म्हटलं, तेव्हा मला काळजी वाटली.

मग विचारलं, "स्वयंपाक कशावर करता?"

स्वप्नील म्हणाला, "गॅस आहे ना, मॅडम."

खोटं नाही बोलला. गॅस आहे. पुढच्या खोलीत आहे. त्याच्यावर ताईबाईनं विणलेलं झाकण आहे. पाहुणे आले की झाकण काढायचं, चहा करायचा, पुसून पुन्हा झाकण घालायचं. बाकी घराला चूल. शेतात पऱ्हाटी पडलेली असते — कापूस वेचून झाला की उरलेली वाळकी झाडं. ती सोडून गॅस कशाला जाळायचा? मी हे सगळं नीट सांगितलं. स्वप्नील छताकडं बघत होता.

डॉक्टरीणबाई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं. शांतपणे सांगत बसली. धुरातली बारीक धूळ आईच्या श्वासातून रक्तात जाते. रक्तातून वारेपर्यंत. वारेतून बाळाला खाणं जातं, हवा जाते — ते कमी पडायला लागतं. आणि बाळाची फुप्फुसं पोटातच घडतात. तिथं कसर राहिली तर पुढं श्वासाला कमी पडतं. "प्रत्येकाला होतं असं नाही. पण धोका वाढतो, आज्जी."

मग रूपाला विचारलं, "चार्वीच्या वेळी कुठं होतात?"

"सात महिने सासरी. मग माहेरी."

चार्वी खुर्चीवर पाय हलवत होती.

मी म्हटलं, "बाई, माझी पाच पोरं चुलीपुढं झाली."

"हो? सगळी छान आहेत?"

"तीन आहेत," म्हटलं.

तिनं खाली बघून कागदावर काहीतरी लिहिलं. चांगली शिकलेली दिसते.

नंतर चार्वीला एक नळी दिली, जोरात फुंकायला. काटा वर गेला की किती दम आहे ते कळतं. चार्वीनं फुंकली. काटा जरासा हलला. मी म्हटलं, आण इकडं, पोरीला दाखवते कसं फुंकायचं. मी फुंकली. काटा म्हातारा झाला असावा, उठेचना.

"आज्जी, विडी ओढता का?"

"मी? राम राम!"

"मग चूल ओढलीत तुम्ही. जन्मभर."

चार्वी केवढी हसली! हसता हसता खोकली. परत येताना मी कोणाशी बोलले नाही. त्यांना शांतता मिळाली.


२२ नोव्हेंबर

घरात सभा झाली. रूपाला धूर लागता कामा नये. सगळ्यांचं एकमत. मग चूल लांब न्यायची ठरली. अभिमननं मागच्या भिंतीला लागून नवी चूल घातली, वर पत्रा टाकला. मी स्वतः उभं राहून लिंपून घेतली. छान झाली. संध्याकाळी पेटवली.

थोड्या वेळानं रूपा डोळे पुसत बाहेर आली. "आज्जी, ही चूल तर तुम्ही माझ्या उशाशी आणली!"

मागच्या भिंतीला एकच खिडकी आहे. तिच्या खोलीची. इतकी माणसं उभी होती, कोणाला दिसली नाही.

मग अभिमननं खिडकीत पोतं कोंबलं. मग आत तिचा जीव घाबरा झाला. मग पोतं काढलं. मग ताईबाईनं पुढच्या खोलीतल्या गॅसचं झाकण काढलं, घडी केली आणि पेटीत ठेवून दिलं. पाहुणा कोणी आला नव्हता.

मी म्हटलं, "रूपाचं कर गॅसवर. माझी भाकरी चुलीवरच होईल." माझी भाकरी मी करते, खिडकी बंद असताना. यात काय चुकलं?


२५ नोव्हेंबर

गॅसवरची भाकरी चोरून खाऊन पाहिली. फुगते. एवढंच म्हणेन.


३ डिसेंबर

थंडी पडली. सकाळी गावावर धूर बसून राहतो, उठायचं नाव घेत नाही. माणसं शेकोटीला बसतात, टायर जाळतात, कोणी पऱ्हाटी पेटवतं. चार्वीची शिट्टी सुरू. पुन्हा पारोळा.

तिथं एक मशीन आहे. नळी, नळीच्या टोकाला तोंडावर लावायचं झाकण. बटण दाबलं की पांढरी वाफ. चार्वी नाकातोंडातून ती ओढत बसली, आणि शिट्टी बसली! मी जवळून पाहिलं. अगं, ही तर धुरी! तोंडावर झाकण म्हणजे गोधडी, मशीन म्हणजे घमेलं. माझी ती वाईट, यांची ती औषध. यांच्या धुरीला वाससुद्धा नाही.

रूपाला म्हटलं तसं. ती म्हणाली, "आज्जी, ती वाफ आहे, औषधाची. धूर नाही."

"दोन्ही पांढरंच दिसतं."

"दिसतं," म्हणाली, आणि चार्वीचा रुमाल बांधत बसली. तिच्याशी भांडण होत नाही. शहरातल्या पोरींना भांडता येत नाही.


६ डिसेंबर

आज बोलायचं नव्हतं. पण तुझ्याजवळ नाही बोलले तर दुसऱ्या कोणाजवळ बोलेन.

रूपाला मोठ्या तपासणीला धुळ्याला नेलं स्वप्नीलनं. ताईबाई आणि अभिमन कापूस वेचायला. चार्वी माझ्याजवळ. सकाळी शिट्टी वाजायला लागली. श्वास मोकळा करायचा तो औषधाचा पंप तोंडात कसा द्यायचा, ते रूपानं मला दाखवून ठेवलं होतं. तो फडताळात होता.

मी घमेलं काढलं.

निखारे कमी घेतले. ओवा जास्त. पोरीला मांडीवर घेतलं, दोघींवर गोधडी घेतली — मी पण आत, एकटं नाही ठेवलं तिला. म्हटलं, "ओढ गं माझी बाय, मशीनसारखं ओढ." तिनं ओढलं. ती माझं ऐकते. मोठी आज्जी म्हणते मला.

शिट्टी थांबली. मला वाटलं, लागू पडलं.

मग गोधडी काढली. शिट्टी थांबली होती कारण आत हवाच जात नव्हती. ओठ जांभळे.

कशी धावले ते आठवत नाही. शेजारचा सुकदेव मोटरसायकल काढत होता. त्याच्या पाठीमागं बसले, पोरीला पदराखाली नाही, पदराबाहेर धरलं, तोंड वाऱ्याकडं करून. पहिल्यांदा मोटरसायकलवर बसले. मजा वाटली नाही.

पारोळ्यात मशीन लावलं, सुई दिली. तिथून ॲम्ब्युलन्सनं धुळे. वाटेत तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "तुझ्या लुगड्याला वास येतो."

दवाखान्याच्या दारात रूपा उभी होती, पोट सांभाळत. माझ्या हातातून पोरीला घेतलं. मला वाटलं आता बोलेल. ती पाठ करून आत गेली.


७ डिसेंबर

चार्वी बरी आहे. जिलबी मागते म्हणे. मला घरी आणून सोडलं.


९ डिसेंबर

स्वप्नील एकटाच आला. रूपाचे कपडे घ्यायला, चार्वीचं दप्तर घ्यायला. मी विचारलं, "कितला दिनसाठी?"

त्यानं पिशवीची चेन ओढली. "आक्का, बाळंतपण तठेच व्हई."

"दुसरं बाळंतपण सासरी असतं."

"हाव," म्हणाला. आणि गेला.

अभिमन जेवताना काही बोलला नाही. ताईबाई काही बोलली नाही. या घरात सगळ्यांनी धुळ्याची रीत उचललेली दिसते.


१२ डिसेंबर

समोरची भिकुबाई ओट्यावर येऊन बसली. कधी बसत नाही. "काय वं यशोदाबाई, तुनी नातसून धूरले भिईसन पळी गयी म्हने!"

मी म्हटलं, "नही वं. तुना तोंडले भिईसन गयी."

हसलो दोघी. ती गेल्यावर मी चार्वीची चप्पल खाटेखालून काढली आणि कोनाड्यात ठेवली. एकच सापडली.


१८ डिसेंबर

भिकुबाईची नात बाळंत झाली. मुलगा. बोलावणं आलं — धुरीला या.

सांगितलं, घमेलं फुटलं.

"आमनं घ्या."

सांगितलं, कंबर धरली.

घमेलं फुटलेलं नाही. कंबरही ठीक आहे.


२१ डिसेंबर

चूल मोडत नाहीत. घरातली चूल मोडली की घर मोडतं, असं आमच्याकडं मानतात. म्हणून मी मोडली नाही. तिच्यात माती भरली आणि कोथिंबीर पेरली. आता ती चूल पण आहे आणि पेटतही नाही.

अभिमननं येऊन बघितलं, मिशीवरून हात फिरवला. "माय, हाई काय?"

"कोथिंबीर."

"ते दखाई ऱ्हायनं," दिसतंय म्हणाला आणि म्हशीकडं गेला.

अंघोळीचं पाणी उन्हात ठेवते. कोमट होतं. म्हणजे मी त्याला कोमट म्हणते.

हे कोणाला सांगायचं नाही. रूपाला तर मुळीच नाही. म्हातारीनं नाक घासलं म्हणतील. नाक माझं अजून जागेवर आहे.


२ जानेवारी

स्वप्नील म्हणाला, संक्रांतीला रूपा चार्वीला घेऊन येईल. एका दिवसासाठी. डॉक्टरांनी परवानगी दिली. बाळाची वाढ अजून मागंच आहे, पण बरं आहे.

एक दिवस तर एक दिवस! भिंतीची काजळी घासायला घेतली. इतक्या वर्षांची. चुन्याचे हात दिले तरी खालून काळं वर येतं. ताईबाई म्हणाली, "आक्का, राहू द्या, निघत नाही ते." मी म्हटलं, "भिंतीला बाहेरून हे, तर आत काय असेल?" तिनं माझ्याकडं बघितलं. मी लगेच म्हटलं, "भिंतीच्या आत म्हणतेय."


११ जानेवारी

कापूस संपला. गावभर पऱ्हाटी उपटून ढीग घातलेत. आता जो तो पेटवणार, दरसालचं आहे. आमचा ढीग घराच्या मागच्या शेतात, झोपडीएवढा. सकाळी अभिमन काडेपेटी शोधत होता. मी आधी गेले आणि ढिगावर चढून बसले.

वर बसल्यावर कळलं, पऱ्हाटी जळायच्याच लायकीची आहे. सगळीकडून टोचते.

अभिमन आला. "माय, उतर. लोके दखी ऱ्हायनात."

"दखू दे. फुकटनं शे."

"पेटवं नही तर बोंडअळी राही जाई तेमा. पुढला साल कापूस खाई टाकी."

"अळी कापूस खाई. धूर काय खाई, ते माहीत शे का तुले?"

तो म्हणाला, "काय पाहिजे तुले?"

"काडेपेटी दे."

लोक जमले. रुपचंद, आमच्या बांधाचा शेजारी, म्हणाला, "आक्का, उपोषण शे का?" मी म्हटलं, "नही. न्याहारी करीसन बसेल शे."

शेवटी अभिमननं काडेपेटी वर फेकली. ट्रॅक्टरला लावायचं मशीन भाड्यानं मिळतं, पऱ्हाटीचा भुगा करतं, तो भुगा मातीत जातो आणि अळीही मरते म्हणे; ते आणायचं कबूल केलं. आधीच का नाही आणलं? विचारायला माणूस ढिगावर बसलं नव्हतं.

चढताना एकटी चढले. उतरवायला चौघं लागले.


१४ जानेवारी

संक्रांत. सकाळपासून ओट्यावर. नवीन लुगडं. कोथिंबीर बोटभर झाली, ती खुडून ठेवली.

स्वप्नील मोटरसायकल घेऊन फाट्यावर गेला. फाटा मोठ्या रस्त्यावर, तिथून गाव दिसतं. तो परत आला तर मागची जागा रिकामी.

मी विचारलं नाही. तोच सांगत बसला, तोंड धुता धुता. बस आली. रूपा उतरली, चार्वी उतरली. समोर गाव दिसतच नव्हतं. काल-आज सगळ्यांनी ढीग पेटवलेत, सणाच्या आधी शेतं मोकळी करून टाकायची म्हणून. "आक्का, असं वाटत होतं की कोणीतरी अख्ख्या गावाला गोधडीखाली घेऊन धुरी देतंय." चार्वी फाट्यावरच खोकायला लागली. रूपानं तिला पंप दिला. थोडा वेळ उभी राहिली. मग समोरून धुळ्याची बस आली, तिला हात केला.

जाताना म्हणाली, "आज्जीला सांगा, मी आले होते."

माझी एक चूल, एक ढीग. गावात चुली काय कमी आहेत?

तिला दोष नाही. मी असते तर उतरलेच नसते.

कोथिंबीर म्हशीला घातली. खाल्ली तिनं. तिला काय.


१७ जानेवारी

मारुतीच्या पारावर गेले. बायका तिथं बसत नाहीत. बसले. म्हटलं, पुढल्या साली मशीन सगळ्यांनी मिळून आणा.

रुपचंद म्हणाला, "आक्का, धूर काय आपल्याच गावात आहे का? धुळ्याला जाऊन बघा. गाड्या, धूळ, कचरा जाळतात ते वेगळंच. तुमची रूपा तिथं खिडक्या लावूनच बसते. स्वप्नीलच सांगत होता."

स्वप्नीलनं मला हे सांगितलं नव्हतं.

"इथं धूर, तिथं धूर. मग पोरानं यायचं तरी कुठं?" मी म्हटलं.

पारावरच्या एकानं तोंडातली विडी काढून पायाखाली घातली. एवढं तरी झालं.


२४ जानेवारी

रूपाचा फोन येतो, ताईबाईला येतो. मी दुसऱ्या खोलीत असते, ऐकू येईल अशी. बाळ फार हलत नाही म्हणाली. डॉक्टर रोज बोलावतात.

माझ्याबद्दल काही विचारत नाही. मीही मागून ओरडत नाही.

आज ती एवढंच म्हणाली, "तिकडं सगळे ठीक ना?" सगळे म्हणजे मी पण आले त्यात.


३० जानेवारी

ताईबाई धावत आली. स्वप्नीलचा फोन. "आक्का, अंघोळ करा म्हणे, डोक्यावरून. साबण लावून. धुतलेलं लुगडं नेसा. रुपचंदभाऊंची गाडी येते आहे न्यायला, लगेच."

डोक्यावरून अंघोळ! कोण गेलं?

तिला माहीत नाही. फोन कटला. पुन्हा लावला, लागत नाही. रूपाचे दिवस भरले नाहीत. चार्वी आहे तिथं. कोण गेलं? मला एकटीलाच का बोलावतात? अभिमन म्हणाला, मी पण येतो. ताईबाई म्हणाली, फक्त आक्कालाच म्हणाला तो, दोनदा म्हणाला.

पाणी गार होतं. ओतलं.

केस ओले आहेत. तुला पिशवीत टाकते. तिकडं कोणी माझ्याशी बोलणार नसेल तर तू तरी असशील.

गाडी आली.


२ फेब्रुवारी

धुळे. दवाखाना.

कोणी गेलं नाही. आलंय! मुलगी. दिवसांआधी, ओंजळभर. रूपाचं पोट कापावं लागलं, तिचे टाके ओले, तिला कूसही बदलवत नाही. रूपाच्या आईला खोकला, तिला आत घेत नाहीत. बाळाला काचेच्या पेटीपेक्षा माणसाची उघडी छाती बरी, ऊब लागते आणि श्वास धरून ठेवतो म्हणे. नर्सबाईनं विचारलं, घरात आणखी कोण? रूपानं माझं नाव घेतलं. माझं!

नर्सबाईनं आधी माझे केस हुंगले. मग आत घेतलं.

ती माझ्या छातीवर बांधलेली आहे. श्वास घेते. थांबते. पुन्हा घेते. ती थांबली की मी पण थांबते.

शेजारच्या खाटेवरून रूपानं हात लांब करून तुला माझ्या तोंडापुढं धरलंय. म्हणजे ती सगळं ऐकते आहे. ऐकू दे. रूपा, एवढं अभिमनला पाठव गं: तुला दादर ज्वारीच्या कण्या, पातळ, तूप वेगळ्या डबीत, तिखट अजिबात नाही. पलीकडच्या खाटेवरच्या पोरीजवळ कोणी नाही, तिच्यासाठीही तेच. मला मऊ खिचडी, चमच्यानं भरवता येईल अशी. माझे दोन्ही हात गुंतलेत.